झिंकची गोळी आणि ताठरता: कुणाला फरक पडतो, कुणाला नाही

मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न कधीच सरळ येत नाही. आधी एक क्रोसिनची पट्टी मागतात, मग बाजूचं गिऱ्हाईक जायची वाट बघतात, मग मोबाइल पुढे करतात आणि त्यात झिंकच्या गोळीचा फोटो असतो. "ही आहे का? ताकदीसाठी चांगली म्हणतात." कुठली ताकद ते त्यांनाही माहीत असतं आणि मलाही, त्यामुळे इथे आडपडदा न ठेवता लिहितो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. शरीरात झिंक खरोखर कमी असेल तर ते भरून काढल्यावर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, सुधारू शकतं, इच्छा सुधारू शकते आणि काहींची ताठरताही. झिंक पुरेसं असेल तर वरून कितीही गोळ्या खा, काही होत नाही. आमटीत मीठ कमी असेल तर चिमूटभर घातल्यावर चव येते, पण मीठ बरोबर असताना अजून घातलं म्हणून आमटी दुप्पट चवदार होत नाही, तसंच हे. आणि आपल्याकडे चाळिशीनंतर ज्या पुरुषांना हा त्रास सुरू होतो त्यांच्यात झिंक हा पहिला संशयित नसतोच, पहिला संशयित रक्तवाहिन्या असतात. पण तिकडे नंतर येतो, आधी ताठरता येते कशी ते बघू, कारण ते कळल्याशिवाय झिंकचं नेमकं काम कळत नाही.

लिंगात हाड नसतं हे सगळ्यांना माहीत असतं. आत लांबीने दोन स्पंजासारखे दांडे असतात, त्यात बारीक बारीक पोकळ्या असतात, आणि त्या पोकळ्यांच्या भिंतीत व रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रकारचे स्नायू असतात जे आपल्या मर्जीने चालत नाहीत, आतड्याचे चालत नाहीत तसेच. एरवी हे स्नायू आकसलेले असतात म्हणून आत रक्त जेमतेम जातं. गंमत म्हणजे ताठरता येते ती हे स्नायू आवळल्यामुळे येत नाही, ते सैल पडल्यामुळे येते. मेंदूकडून किंवा स्पर्शातून निरोप गेला की तिथल्या नसांची टोकं आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात, त्यातून पेशीत सायक्लिक जीएमपी नावाचं रसायन तयार होतं, ते स्नायूंना सैल करतं, रक्त आत घुसतं, स्पंज फुगतो आणि फुगताना बाहेर जाणाऱ्या शिरा बाहेरच्या चिवट आवरणाखाली दाबल्या जातात, म्हणून आलेलं रक्त अडकून राहतं. काम झालं की पीडीई-५ नावाचं एन्झाइम ते सायक्लिक जीएमपी तोडून टाकतं आणि सगळं पूर्ववत होतं.

सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रामधलं औषध, या शेवटच्या एन्झाइमला अडवतं. ते मुळात छातीत दुखणाऱ्या पेशंटसाठी शोधत होते, इंग्लंडमध्ये सँडविच नावाच्या गावात फायझरची लॅब होती तिथे, आणि हृदयाला फारसा उपयोग दिसला नाही पण हा 'साइड इफेक्ट' दिसला. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली मार्च १९९८ मध्ये आणि त्याच वर्षी रक्तवाहिन्यांमधलं नायट्रिक ऑक्साइडचं काम शोधल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना नोबेल मिळालं. एवढा सगळा खेळ रक्ताचा आणि नसांचा आहे हे डोक्यात ठेवा.

आता झिंक. आपल्या शरीरात एकूण झिंक असतं दोन-तीन ग्रॅम, त्यातलं बहुतेक स्नायूंत आणि हाडांत. लोहाचा जसा लिव्हरमध्ये साठा असतो तसा झिंकचा गरजेला उपसता येईल असा साठा नसतो, त्यामुळे ते रोजच्या जेवणातून येत राहावं लागतं. शेकडो एन्झाइमना ते लागतं. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं जे एन्झाइम रक्तवाहिनीच्या अस्तरात असतं त्याचे दोन भाग जोडीने काम करतात आणि त्या जोडाच्या मध्ये झिंकचा एक अणू बसलेला असतो. इथूनच इंटरनेटवर "झिंक नायट्रिक ऑक्साइड वाढवतं, म्हणून ताठरता वाढवतं" हे वाक्य फिरायला लागतं.

मला या वाक्याची गंमत वाटते, कारण ज्या पीडीई-५ एन्झाइमला व्हायग्रा अडवतं, जे ताठरता उतरवायचं काम करतं, त्याच्याही गाभ्यात झिंकच असतं. मग याच हिशोबाने झिंक खाल्लं की ताठरता लवकर उतरायला पाहिजे ना? तसंही होत नाही. एखाद्या एन्झाइमला झिंकचा एक अणू लागतो याचा अर्थ तेवढाच, की अणू नसेल तर ते चालणार नाही. अणू जागेवर बसलेला असताना अजून झिंक खाल्लं तर ते बसणार कुठे? बॉटलवरचे आणि रील्समधले निम्मे दावे या एका प्रश्नावर गळून पडतात.

झिंकचा ताठरतेशी जो जास्त भक्कम संबंध आहे तो टेस्टोस्टेरॉनमधून जातो. वृषणात टेस्टोस्टेरॉन बनतं त्यासाठी झिंक लागतं, आणि बनलेलं टेस्टोस्टेरॉन पेशीत त्याचा निरोप ऐकणाऱ्या ज्या प्रोटीनला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटतं त्या रिसेप्टरला डीएनए पकडण्यासाठी झिंकभोवती वळलेले दोन छोटे आकडे असतात, त्यांना झिंक फिंगर म्हणतात, झिंकची बोटं. १९८५ मध्ये केंब्रिजमध्ये अ‍ॅरन क्लग यांच्या टीमने ही रचना पहिल्यांदा मांडली, ती एका बेडकाच्या प्रोटीनमध्ये सापडली होती. म्हणजे झिंक फार कमी पडलं तर संप्रेरक कमी बनतं आणि आहे ते नीट ऐकूही जात नाही. पण इथे एक मेख आहे. टेस्टोस्टेरॉनचा जास्त हात इच्छेवर असतो, ताठरतेवर त्यामानाने कमी. इच्छा भरपूर आहे पण ताठरता येत नाही किंवा मध्येच जाते अशी तक्रार असेल तर दोष बहुधा रक्तवाहिनी, नस किंवा टेन्शनमध्ये असतो. इच्छाच मेली आहे, थकवा आहे, दाढी कमी वाढतेय असं असेल तर हॉर्मोनकडे बघायचं.

हे सगळं माणसाला कळलं कसं, तो किस्सा मोठा आहे आणि मला तो फार आवडतो, कारण त्याचा नायक आपल्या बिहारचा आहे. आनंद प्रसाद, जन्म बक्सरचा, डॉक्टरकी पाटण्याला, मग पुढचं शिक्षण अमेरिकेत मिनेसोटाला. १९५८ मध्ये ते इराणमध्ये शिराझला गेले. तिथे त्यांच्यासमोर एक पेशंट आणला, वय २१, दिसायला दहा वर्षांचा मुलगा. उंची खुंटलेली, दाढी-मिशी नाही, जननेंद्रियं लहान मुलाची, लिव्हर आणि प्लीहा वाढलेली, रक्त अगदी कमी. जेवणात मांस-मासे जवळजवळ नाहीत, नुसती बिनयीस्टची कोंड्यासकट गव्हाची रोटी, आणि वरून रोज जवळपास अर्धा किलो माती खायची सवय. तिकडच्या खेड्यांत माती खाणं तेव्हा नवल नव्हतं. थोड्याच दिवसांत असे आणखी पेशंट सापडले, एकूण अकरा, आणि १९६१ मध्ये त्यांच्यावर पेपर आला. त्या पेपरचे सहलेखक जेम्स हॉलस्टेड हे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे जावई, हे उगाच सांगतो, विषयाशी संबंध नाही.

रक्त कमी होतं ते लोहाच्या कमतरतेमुळे हे कळत होतं. पण नुसतं लोह कमी झालं म्हणून माणूस वयात यायचा थांबत नाही. प्रसाद यांना वाटलं की जे लोहाला अडवतंय तेच आणखी कशाला तरी अडवत असणार. उंदरांना झिंक लागतं हे १९३४ पासून माहीत होतं, डुकरांना झिंक कमी पडलं की कातडी जाड होऊन फुटते हे १९५५ मध्ये कळलं होतं, पण माणसाला झिंकची कमतरता होऊ शकते हे कुणी मानायला तयार नव्हतं. ते पुढे इजिप्तला गेले, कैरोत अमेरिकन नौदलाचं संशोधन केंद्र होतं तिथे, आणि खेड्यातल्या अशाच खुज्या राहिलेल्या तरुणांचं रक्त, लालपेशी, केस तपासले. झिंक सगळीकडे कमी. १९६३ मध्ये हे छापून आलं. मग झिंक द्यायला सुरुवात केली तर ज्यांची उंची वर्षानुवर्षं हलली नव्हती ते वर्षाला बारा सेंटिमीटरच्या वर वाढले, तीन महिन्यांत लव आली, तीन ते सहा महिन्यांत जननेंद्रियं वयाला साजेशी झाली. तरी वाद काही मिटेना, अमेरिकेच्या नॅशनल अकादमीने झिंक माणसाला आवश्यक आहे असं अधिकृतपणे मान्य केलं ते १९७४ मध्ये.

जाहिराती याच किश्शावर जगतात, आणि अर्धाच सांगतात. ते पेशंट वयातच आले नव्हते, त्यांचं झिंक वर्षानुवर्षं तळाला गेलेलं होतं. ४८ वर्षांचा माणूस, दोन मुलं, पोट सुटलेलं, शुगर २२०, त्याला झिंक दिलं की तसंच होईल असं त्या संशोधनात कुठेही नाही.

दुसरा पेपर जो सगळीकडे फिरतो तोही प्रसाद यांच्याच टीमचा, १९९६ चा, डेट्रॉइटमधला. तो नीट वाचला पाहिजे. चार निरोगी तरुणांच्या जेवणातलं झिंक मुद्दाम कमी केलं, वीस आठवड्यांनी त्यांचं टेस्टोस्टेरॉन ३९.९ वरून १०.६ नॅनोमोल प्रतिलिटर झालं, आपल्या लॅबच्या रिपोर्टच्या भाषेत साधारण ११५० वरून ३०५. आणि साठीच्या आसपासचे नऊ जण, ज्यांचं झिंक थोडं कमी होतं, त्यांना रोज ३० मिलिग्रॅम झिंक दिलं, सहा महिन्यांत टेस्टोस्टेरॉन ८.३ वरून १६ झालं, म्हणजे २४० वरून ४६०. आकडे बघून कुणाचेही डोळे मोठे होतील. पण एका गटात चार माणसं आणि दुसऱ्यात नऊ. आणि महत्त्वाचं म्हणजे दोन्ही गटांत ज्यांना फरक पडला ते झिंक कमी असलेलेच होते. शिवाय मोजलं ते टेस्टोस्टेरॉन, ताठरता नाही. "झिंकने टेस्टोस्टेरॉन दुप्पट होतं" हे जे बॉटलवर छापतात ते इथून उचललेलं, मधलं 'कमी असेल तर' गाळून.

ते 'कमी असेल तर' गाळलं की काय होतं तेही बघितलेलं आहे. जर्मनीत २००९ मध्ये व्यायाम करणाऱ्या चौदा तरुणांना, ज्यांच्या जेवणात झिंक पुरेसं होतं, जिमवाल्यांचं आवडतं झेडएमए सप्लिमेंट दिलं, म्हणजे झिंक, मॅग्नेशियम आणि बी-६. रक्तातलं झिंक वाढलं, लघवीतून जाणारं झिंक वाढलं, टेस्टोस्टेरॉन जिथल्या तिथे. म्हणजे पैसे अक्षरशः लघवीतून गेले. याहून मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, २३७० पुरुषांवर, मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांमधले, त्यांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं. २०२० मध्ये निकाल आला, ना मुलं जास्त झाली ना वीर्याचा दर्जा सुधारला, उलट गोळी घेणाऱ्यांच्यात पोटाच्या तक्रारी जास्त. हा वंध्यत्वाचा विषय आहे, ताठरतेचा नाही, पण दुकानात दोन्हीसाठी एकच बॉटल विकली जाते म्हणून सांगितलं.

ताठरतेवर थेट प्रयोग झालेत का? झालेत, आणि तेही मुख्यतः डायलिसिसच्या पेशंटवर, कारण किडनी गेलेल्या माणसात झिंक कमी पडतं आणि ताठरतेचा त्रासही खूप असतो. १९७७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अगदी मोजक्या पेशंटवरचा पेपर आला की डायलिसिसच्या पाण्यातून झिंक दिल्यावर ताकद परत आली. १९८२ मध्ये डेट्रॉइटला वीस पेशंटवर प्रयोग झाला, निम्म्यांना झिंक आणि निम्म्यांना खोटी गोळी, कुणाला काय दिलं ते ना डॉक्टरला माहीत ना पेशंटला, आणि झिंकवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन आणि संबंध दोन्ही सुधारले. पुढच्या काही प्रयोगांत मात्र असं दिसलं नाही, त्यामुळे डायलिसिसवाल्यांनीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये, नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला, विचारावं. आणखी एक पेपर सगळ्या वेबसाइटवाल्यांचा लाडका आहे, श्रीलंकेतला, २००९ चा, झिंक दिल्यावर नरांची कामगिरी सुधारली. ते नर उंदीर होते, हे बहुतेक ठिकाणी लिहायचं राहून जातं.

आता तुमच्या-माझ्या ताटाकडे या, कारण कमतरता खरंच असू शकते का हा प्रश्न आपल्याकडे फालतू नाही. अमेरिकेत पुरुषाला दिवसाला ११ मिलिग्रॅम झिंक सांगतात, आपल्या आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये १७ सांगितलं. आपलं शरीर वेगळं नाही, आपलं ताट वेगळं आहे. धान्य, डाळी, तेलबिया यांच्यात फायटेट असतं, ते आतड्यात झिंकला धरून ठेवतं आणि पुढे जाऊ देत नाही, म्हणून ताटात जास्त असावं लागतं. शिराझच्या त्या पोरांचं हेच झालं होतं.

ढोबळ हिशोब करून बघा. कणकेत शंभर ग्रॅमला साधारण पावणेतीन मिलिग्रॅम झिंक, दिवसाच्या सात-आठ पोळ्या म्हणजे अडीचशे ग्रॅम कणीक, झाले सात. भाताचे तांदूळ शंभर ग्रॅम, त्यात सव्वा. डाळ-कडधान्यं मिळून सत्तर-ऐंशी ग्रॅम, त्यातून दोन-अडीच. दूध-दही अर्धा लिटर, त्यातून दोन. मूठभर शेंगदाण्यातून एक. एकूण तेरा-साडेतेरा. म्हणजे पोटभर सकस शाकाहारी जेवणारा माणूससुद्धा काठावर असतो, आणि जो वडापाव आणि चहावर दुपार काढतो, ज्याच्या ताटात दुपारी नुसता भात आणि वरचं पातळ वरण असतं, तो काठाच्या खाली. ज्वारीत गव्हापेक्षा थोडं कमी असतं, बाजरीत जवळपास गव्हाएवढंच. पॉलिश तांदळात सगळ्यात कमी.

मांसाहार करणाऱ्यांचं सोपं आहे. मटणात शंभर ग्रॅमला चार-पाच मिलिग्रॅम आणि तेही शरीराला सहज मिळणारं. चिकनमध्ये त्याहून बरंच कमी, अंड्यात अर्ध्या-पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास. आणि कोकणातल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, कारण नेहमीच्या खाण्यात झिंक सगळ्यात जास्त कशात असेल तर कालवांत. कालवं कामोत्तेजक आहेत ही समजूत जगभर आहे, ती बहुधा दिसण्यावरून आली असावी आणि झिंकचं शास्त्र तिला नंतर चिकटवलं गेलं. कालवं खाल्ली म्हणून त्या रात्री काही होत नाही, पण झिंक मिळतं हे खरं. फक्त खाडीचं पाणी कुठलं आहे ते बघा आणि कच्ची खाऊ नका.

शाकाहारी माणसाला आपल्याच स्वयंपाकघरात उपाय आहे. कडधान्यं भिजवून मोड आणली की फायटेट मोडतं, पीठ आंबवलं की मोडतं, म्हणून मटकीची उसळ, इडली, आंबोळी, ढोकळा यातलं झिंक जास्त अंगी लागतं. तीळ आणि भोपळ्याच्या बियांत शंभर ग्रॅमला सात मिलिग्रॅमच्या आसपास, काजूत साडेपाच, पण शंभर ग्रॅम तीळ कोण खातं, दोन चमचे चटणी खाल तर मिळतं एक-दीड. आणि जाता जाता, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ नावाचा बन्सी प्रकारातला गहू काढलाय, त्यात किलोला ४० मिलिग्रॅम झिंक आहे, नेहमीच्या गव्हापेक्षा बरंच जास्त. आपल्या बऱ्याच जमिनीतच झिंक कमी आहे, शेतकरी झिंक सल्फेट टाकतात ते उगाच नाही, जमिनीत नाही तर दाण्यात कुठून येणार.

जेवण ठीक असूनही कमतरता होऊ शकते अशी मंडळीही आहेत. रोज दारू पिणारे, कारण दारूने लघवीतून झिंक जातं आणि आतड्यातून कमी शोषलं जातं. शुगरवाले, त्यांच्याही लघवीतून जातं. बीपीसाठी थायझाइड जातीची गोळी घेणारे. सतत जुलाब, सिलिअ‍ॅक, आतड्याची सूज, वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन झालेले. यात बघा, दारू, शुगर आणि बीपीची गोळी या तिन्ही गोष्टी झिंकशिवायही ताठरता घालवतात, त्यामुळे झिंक भरून काढलं तरी मूळ कारण तिथेच बसलेलं असतं.

हस्तमैथुनाने किंवा स्वप्नदोषाने झिंक संपतं का, हा प्रश्न तरुण पोरं विचारतात. प्रोस्टेटमध्ये आणि वीर्यात झिंक भरपूर असतं हे खरं, पण एका वेळी जातं ते एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर, पुढच्या जेवणात भरून निघतं. 'धातू जातो' या भीतीने खचलेली मुलं आपल्याकडे इतकी येतात की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये त्या आजाराला धात सिंड्रोम असं नावच दिलं. त्या मुलांना झिंक नको असतं, कुणीतरी न हसता समजावून सांगायला हवं असतं.

रक्तातलं झिंक तपासून घेऊ का? घ्या, पण रिपोर्टवर डोळे झाकून विश्वास नको. शरीरातल्या एकूण झिंकचा हजारावा हिस्सा रक्तद्रवात असतो, जेवल्यावर तो खाली येतो, ताप-इन्फेक्शनमध्ये खाली येतो, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन कमी असेल तर खाली दिसतो. सकाळी उपाशीपोटी, आजारी नसताना केलेली टेस्ट त्यातल्या त्यात बरी. जखमा लवकर न भरणं, चव-वास कमी होणं, केस गळणं, वारंवार जुलाब, अशा खुणा सोबत असतील तर त्या आकड्याला वजन येतं.

आणि आता तो पहिला संशयित. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या तीन-चार. चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच बसत असेल तर आधी कुठली तुंबेल? म्हणूनच ताठरतेचा त्रास अनेकांत हार्टच्या त्रासाच्या दोन-चार वर्षं आधी सुरू होतो. चाळिशी-पन्नाशीतला माणूस झिंकच्या बाटल्या बदलत बसला तर तो गोळीचे पैसे तर घालवतोच, पण हार्टची ती आधीची वर्षंही घालवतो, माझा या सगळ्या झिंक प्रकरणावर राग आहे तो यासाठी. शुगर असलेल्या पुरुषांत जवळपास निम्म्यांना हा त्रास असतो. सिगारेट, तंबाखू, बंदी असूनही मिळणारा गुटखा, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, बीपीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या, हे सगळे रांगेत झिंकच्या पुढे उभे आहेत.

घरच्या घरी एक गोष्ट ओळखता येते. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते आणि पहाटेची जाग येताना ती जाणवते. पहाटे व्यवस्थित येते, हस्तमैथुनात येते पण जोडीदाराबरोबर येत नाही, असं असेल तर वायरिंग आणि पाइप ठीक आहेत, डोक्यात काहीतरी अडकलंय. पहाटेचीही हळूहळू कमी झाली असेल तर फिजिशियनकडे जा आणि शुगरची तीन महिन्यांची सरासरी, लिपिड, बीपी, आणि सकाळी साडेदहा-अकराच्या आत काढलेलं टेस्टोस्टेरॉन, कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत, एवढं करून घ्या. लाजायचं असेल तर नुसतं "बॉडी चेकअप करायचंय" म्हणा, पण आत गेल्यावर खरं सांगा.

डॉक्टरनेच झिंक दिलं तर काय बघायचं? पाकिटावर 'एलिमेंटल झिंक' किती ते. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये खरं झिंक ५० मिलिग्रॅम असतं, त्यामुळे मोठा आकडा बघून घाबरू नका आणि छोटा बघून दोन खाऊ नका. जेवण आणि गोळी मिळून दिवसाला ४० च्या वर नेहमी जायचं नाही, आणि ही मर्यादा उगाच घातलेली नाही. जास्त झिंक आतड्यात तांब्याला अडवतं, महिनोन्‌महिने असं चाललं की तांबं संपतं, रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, आणि पुढे पायांत मुंग्या, चालताना तोल जाणं, ते नेहमीच पूर्ण भरून येतं असंही नाही. कोरोनात ५० ची गोळी प्रतिकारशक्तीसाठी म्हणून सुरू केली आणि पुढे कुणीच बंद कर म्हटलं नाही म्हणून घेतच राहिले, असे लोक मी बघतो. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, जेवणाबरोबर घ्या. डॉक्सीसायक्लीन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालू असेल तर झिंक त्यांना धरतं आणि अँटिबायोटिक वाया जातं, मध्ये निदान दोन-तीन तास ठेवा, लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. आणि तीन महिन्यांत फरक नाही तर तो पुढच्या तीन महिन्यांत येईल या आशेवर बसू नका.

जसद भस्माचंही विचारतात. उदयपूरजवळ जावरला आपल्याकडे कित्येक शतकांपूर्वी भट्ट्या लावून जस्त, म्हणजेच झिंक, काढायचे, जगात तेवढ्या प्रमाणावर कुणी काढत नव्हतं तेव्हा, त्यामुळे ते औषधात येणं साहजिक आहे. पण भस्म म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड, मात्रा आणि शुद्धता कोण बनवतंय त्यावर, तेव्हा वैद्याच्या हातूनच, कुरियरने नाही.

कुरियरवरून आठवलं. 'शंभर टक्के हर्बल, झिंक आणि शिलाजीतयुक्त' म्हणून येणाऱ्या ज्या कॅप्सूल अर्ध्या तासात काम करतात त्यांच्यापासून जपून. झिंक अर्ध्या तासात काहीच करत नाही, शिलाजीतही नाही. अर्ध्या तासात काम झालं तर आत सिल्डेनाफिल किंवा त्याच जातीचं टाडालाफिल मिसळलेलं असायची दाट शक्यता, अमेरिकेच्या एफडीएने अशा पकडलेल्या मालाची मोठी यादीच ठेवली आहे. हार्टवाल्याने छातीत दुखल्यावर घ्यायची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवली आणि पोटात ही कॅप्सूल असेल तर बीपी इतकं कोसळतं की माणूस जाऊ शकतो, सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास ती जोडी चालत नाही. त्यामुळे छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत जायची वेळ आलीच तर बायको शेजारी उभी असली तरी डॉक्टरला सांगा की काल अशी कॅप्सूल घेतली होती, आणि पाकीट असेल तर खिशात घालून न्या.